फायबरच्या गाडीचे हेडलाइट : आधी अर्थिंग तपासा

सावर्डे मुंबई-गोवा महामार्गावर असल्याने (पूर्वीचा क्रमांक १७, आता ६६) ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे नाना तऱ्हेच्या गाड्या येतात. त्यात क्वचित सॅन स्टॉर्मही असते. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. बॉडी मात्र फायबरची, आणि आजच्या विषयाचे मूळ तिथेच आहे.

पद्मिनी किंवा जीपमध्ये पत्र्याची बॉडीच निगेटिव्हचे काम करते. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी काढून चासीला किंवा बॅटरीला जोडावी लागते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्या जोडाच्या बोल्टवर गंज आणि तांब्यावर हिरवा कीट चढतो. दिवा मंद होतो. गिऱ्हाईक म्हणते, बल्ब बदला. बल्ब बदलूनही उजेड तेवढाच.

एक खूण लक्षात ठेवा. डिपर लावल्यावर एक दिवा मंद पेटतो आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो, तेव्हा त्या दिव्याची अर्थ तुटलेली असण्याचा संभव जास्त. करंटला घरी परतायची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरतो.

टेस्ट लॅम्पवर मात्र विसंबू नये. ५ वॅटचा टेस्ट लॅम्प अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट घेतो, त्यामुळे खराब जोडावरही तो झकास पेटतो. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत ०.३ ओहमचा अडथळा असला तरी सव्वा व्होल्टहून जास्त तिथेच खर्ची पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. रात्री परशुराम घाट उतरणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको.

म्हणून मीटर व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करा आणि बल्ब होल्डरमध्ये बसलेला व पेटलेला असतानाच मोजा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन होल्डरच्या अर्थ टोकाला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. मग लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी होल्डरच्या चालू टोकाला लावा. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आले तर फ्यूजबॉक्स, स्विच, सॉकेट असे एकेक टप्पा मागे जात मोजत चला. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या लगेच आधी तपासलेल्या जोडात दोष सापडतो.

अर्थचा बोल्ट घासून लखलखीत करा, नवीन लग दाबून बसवा, वर व्हॅसलीन लावा. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट डॅशच्या स्विचमधून जात असेल तर अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले द्यावेत. ३० ला बॅटरीकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून लाइन, ८७ वरून दिव्याला, ८६ ला स्विचची जुनी वायर, ८५ अर्थ. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्यावी. फायबरच्या गाडीत ८५ ची अर्थही बॉडीच्या स्क्रूला नव्हे, चासीलाच जोडावी.

हे न करता थेट १०० वॅटचे बल्ब लावून देणारे आहेत. गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होते. पुढे स्विच वितळतो. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी गुंडाळणे तर त्याहून वाईट. फायबर पेट घेतो, आणि आपल्या दुकानात उभी असलेली गाडी ही दुसऱ्याची अमानत असते.

मजुरी शोधण्याच्या वेळेची घ्यावी, न लागलेल्या बल्बची नको. मीटरचा आधीचा व नंतरचा आकडा बिलावर लिहावा. गाडी देण्यापूर्वी ती सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून डिपरचा झोत दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे तीन इंच खाली आणावा, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत.