केस उसातली, डिटेक्टिव्ह वायरमन

इंग्रजीत सध्या ‘अर्बन फँटसी’ नावाच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या जोरात आहेत. शहर आजचंच, पोलीस आजचेच, फक्त भुतंखेतं आणि देवदेवता खऱ्या! बेन आरोनोविचच्या कादंबऱ्यांत लंडनचा एक साधा कॉन्स्टेबल नदीदेवतांच्या भानगडी निस्तरत तपास करतो. आपल्याकडेही हे अगदीच नवीन नाही. नारायण धारपांचा ‘समर्थ’ असलीच अमानवी प्रकरणं हाताळायचा. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे लंडन आधी वाचलं, धारप नंतर. असो.)

पण अशी गोष्ट रचायची कशी? माझं मत, भूत नंतर शोधावं, आधी खरी केस शोधावी. आमच्या जुन्नर-आंबेगावात ती तयारच आहे.

कुकडी आणि घोड नद्यांवर धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि बिबट्याला लपायला जागा झाली. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. २००१ मध्ये बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. म्हणजे हल्ले कमी व्हायला हवेत ना? ते २००१ ते २००३ मध्ये सरासरी १७ वर गेले! विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि बाहेरचे बिबटेही इथल्या जंगलात आणून सोडले होते. गुन्ह्याचं मूळ उपायातच निघालं. याहून चांगला ट्विस्ट मला तरी सुचला नसता.

आता फँटसी. इथे नियम एकच ठेवायचा. आमच्या पश्चिम पट्ट्यात वाघोबाला मानतात, वाघबारसेला नैवेद्य दाखवतात. माझा नियम असा: वाघोबाने प्रत्येक जनावराला हद्द आखून दिलीय. हद्दीत आहे तोवर ते माणसाला ओळखतं, जबरदस्तीने बाहेर नेलं की ओळख पुसते. झालं. पुढे लेखकाने हा नियम बाउंडरी कंडिशनसारखा पाळायचा. शेवटच्या प्रकरणात नवीनच मंत्र काढून सुटका करून घेणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग्ज जुळवणं! खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना गोष्टीत घालायचा मलाही फार मोह झाला, पण नियमाशी संबंध नाही म्हणून गाळल्या.

डिटेक्टिव्ह पोलीस नको, वायरमन हवा. शेतीची थ्री-फेज लाईट कित्येकदा रात्रीच असते, म्हणून माणूस काळोखात पिकाला पाणी द्यायला जातो. कुठल्या फीडरवर कधी लाईट, कुठल्या रानात कोण, हे वायरमनइतकं कुणाला पाठ? तो हल्ल्यांच्या जागा नकाशावर मांडतो. वाघोबा त्याला एवढंच सांगतो, “हा माझा नव्हे.” मग पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याच्या अंगात मायक्रोचिप निघते. पकडलेल्या बिबट्यांना तेव्हा खरोखरच चिप बसवत.

एक पथ्य मात्र मी ठरवलंय. इथे माणसं गेलेली घरं खरी आहेत, हल्ले अजून थांबलेले नाहीत. त्यामुळे हल्ल्याचं वर्णन नाही. दुसऱ्या रात्री त्याच रानात बॅटरी घेऊन पाणी द्यायला घरातलं कोण गेलं, ते लिहायचं.

गाडं अडलंय ते शेवटाला. पोर गेलेली आई म्हणते, “भाऊ, पिंजरा लावायला सांगा, न्या त्याला लांब.” वायरमनच्या खिशात चिपचा नंबर आहे. लांब नेला तर दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल, हे त्याला कळलंय. तो तिला काय सांगेल? कुणाला सुचलं तर मेसमध्ये गाठा.