मोटारीची उंची आणि स्प्रिंगची निवड

सन १९७५ मध्ये फ्रँकफर्ट येथील मोटारप्रदर्शनात फोक्सवॅगन कंपनीने गोल्फ जीटीआय ही मोटार प्रथम मांडली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीस आणली. तिचे इंजिन १५८८ घन सेंटिमीटरचे व ११० अश्वशक्तीचे असून तिचा कमाल वेग ताशी १८२ किलोमीटर होता. सामान्य गोल्फच्या तुलनेत ही गाडी जमिनीला थोडी अधिक लगटून उभी असे. मात्र केवळ उंची कमी करून तिचे निर्माते थांबले नव्हते. स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि वळणावर गाडीला कलू न देणारे अँटी-रोल बार यांची त्यांनी एकमेकांशी सांगड घातली होती. पुढे अनेक हौशी मालकांनी आपल्या छोट्या गाड्यांना असेच रूप देण्यासाठी बाजारातून आखूड स्प्रिंगा आणून बसविल्या. त्यातील काहींना उत्तम गाडी लाभली. काहींच्या पदरी दिसायला देखणी, परंतु चालवायला वाईट गाडी पडली. हा फरक का पडतो, हे आपण या प्रकरणात पाहू.

स्प्रिंगचे कार्य

स्प्रिंग दोन कामे करते. ती गाडीचा भार तोलून धरते आणि रस्त्याचे धक्के स्वतः दबून पचविते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटर दाबण्यास जो भार लागतो, ती त्या स्प्रिंगची ताठरता होय.

ही ताठरता तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर अवलंबून असते. त्यांपैकी तारेच्या जाडीचा परिणाम सर्वांत मोठा असतो, कारण ताठरता जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. तार शेकडा पाच टक्के जाड केली, तर ताठरता सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते. म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून स्प्रिंगची पारख करता येत नाही.

एक हिशेब

समजा, एका छोट्या मोटारीच्या पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर २४० किलोग्रॅम भार आहे आणि स्प्रिंगची ताठरता दर मिलिमीटरला १.६ किलोग्रॅम आहे. गाडी उभी असताना ही स्प्रिंग १५० मिलिमीटर दबलेली असेल. चाकाला वर सरकण्यासाठी आणखी ८० मिलिमीटर जागा आहे. त्यानंतर रबरी अटकाव लागतो. गॅरेजमध्ये यालाच बंप स्टॉप म्हणतात. सोयीसाठी येथे चाक आणि स्प्रिंग सारख्याच अंतराने हलतात असे धरले आहे.

आता गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर लाभ किती? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर असेल, तर तो ५२० वर येईल. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार त्यामुळे सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी होईल. आणि हानी किती? चाकाला वर सरकण्याची जागा ८० वरून ५० मिलिमीटरवर, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांनी घटेल. या व्यवहाराचे खरे स्वरूप या दोन आकड्यांत आहे. रस्त्यावरील पकड थोडी वाढते, परंतु धक्का पचविण्याची जागा पुष्कळ कमी होते.

जागा संपली की चाक अटकावावर आदळते आणि त्या क्षणी स्प्रिंगची ताठरता एकाएकी कित्येक पटींनी वाढल्यासारखी होते. भर वळणावर रस्त्यात खड्डा असेल, तर बाहेरच्या चाकाची पकड नेमकी अशाच वेळी सुटते. गाडी हादरणे ही केवळ गैरसोय होय. पकड सुटणे हा अपघाताचा प्रारंभ आहे.

मूळ स्प्रिंगला अटकावापर्यंत दाबण्यास १२८ किलोग्रॅम अधिक भार लागत होता. उरलेल्या ५० मिलिमीटरमध्ये तेवढाच विरोध हवा असेल, तर ताठरता सुमारे २.५६, म्हणजे मूळच्यापेक्षा साठ टक्के अधिक लागेल. तसे केल्यास गाडीच्या वरखाली होण्याची नैसर्गिक वारंवारता सेकंदास १.३ वरून १.६ वर जाईल आणि रोजच्या प्रवासात ती जाचक वाटू लागेल. याउलट, गाडी केवळ १५ मिलिमीटर खाली आणली, तर ६५ मिलिमीटर जागा उरते आणि पंचवीस टक्के अधिक ताठर, म्हणजे २.० किलोग्रॅमची स्प्रिंग तेवढाच विरोध देते. वारंवारताही १.४ च्या आसपास राहते. नित्य वापराच्या गाडीस हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा होय.

सैल पडणारी स्प्रिंग

ताठर स्प्रिंग कमी दबते. म्हणून ती मुळातच आखूड करावी लागते. साठ टक्के अधिक ताठर असलेली वरील स्प्रिंग गाडीच्या भाराने सुमारे ९४ मिलिमीटरच दबेल. मूळ गाडीत चाक ८० मिलिमीटर खाली लोंबू शकत होते असे धरू. गाडी ३० मिलिमीटर खाली आल्यावर ते ११० मिलिमीटर लोंबू शकेल. म्हणजे चाक अधांतरी होताच स्प्रिंग आपल्या बैठकीत सोळा मिलिमीटर सैल पडेल आणि जागेवरून सरकू शकेल. असा बदल करावयाचाच असेल, तर आखूड शॉक ॲब्सॉर्बरही बसवावे लागतात. पंचवीस टक्क्यांच्या स्प्रिंगची स्थिती वेगळी आहे. ती १२० मिलिमीटर दबलेली असते आणि चाक ९५ मिलिमीटरच लोंबते. म्हणून ती बैठकीत घट्ट राहते.

मूळ स्प्रिंगची वेटोळी कापून किंवा ती तापवून गाडी खाली आणण्याचा उपाय तर सर्वस्वी त्याज्य होय. कापलेल्या टोकाला बैठक उरत नाही आणि तापविल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते.

शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकांची भूमिती

स्प्रिंग आपल्या ठायी साठलेली शक्ती परत देते. ती जिरविण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे आहे. ताठरता पंचवीस टक्क्यांनी वाढली, तर त्याचा रोधही सुमारे बारा टक्क्यांनी वाढला पाहिजे. सुस्थितीतील मूळ शॉक ॲब्सॉर्बर एवढे बहुधा निभावून नेतो, पण झिजलेला नेत नाही. तेव्हा जुन्या गाडीत दोन्ही एकदमच बदलावेत.

गोल्फसारख्या अनेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. त्यांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वळणावर गाडीचे शरीर ज्या बिंदूभोवती कलते, त्याला कलनकेंद्र म्हणू. गाडी खाली आणली की चाकाकडे जाणारा खालचा दांडा आडवा होतो आणि फारच खाली आणली, तर त्याचे बाहेरचे टोक वर जाते. त्यामुळे कलनकेंद्र गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली घसरते. त्या दोहोंतील अंतर म्हणजे कलविणाऱ्या बलाची तरफच होय; ती लांबली की गाडी अधिक कलू पाहते. कल कमी करण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने कल वाढवू लागतो आणि नव्या ताठरतेचा काही भाग केवळ ही हानी भरून काढण्यात खर्ची पडतो.

निवड कशी करावी?

विक्रेत्यास प्रथम ताठरता विचारावी, त्यानंतर उंची. जो केवळ उंची सांगतो, त्याने अर्धेच उत्तर दिले असे समजावे. स्प्रिंग आपल्या गाडीच्या नेमक्या इंजिनाकरिता व भाराकरिता बनविलेली आहे ना, हे पाहावे. डिझेल गाडीच्या पुढच्या भागाचा भार बहुधा अधिक असतो. पुढच्या व मागच्या स्प्रिंगा एकाच संचातील असाव्यात. बसविल्यानंतर चाकांची भूमिती तपासून घ्यावी आणि पुढील दिव्यांचा रोख जुळवून घ्यावा.

कायद्याचाही विचार करावा. जर्मनीत अशा स्प्रिंगांना तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. शिवाय आपल्याकडील गतिरोधकाची प्रमाण उंचीच १० सेंटिमीटर आहे आणि प्रत्यक्षातील अनेक गतिरोधक हे प्रमाण पाळत नाहीत.

मोटारीखालची जागा दुरून रिकामी दिसते आणि ती भरून काढावी असे तरुण मनाला वाटते. परंतु ती जागा रिकामी नसते. पुढच्या खड्ड्यासाठी राखून ठेवलेली ती शिल्लक असते, आणि ती किती खर्च करावयाची हे ठरविणे म्हणजेच स्प्रिंगची निवड करणे होय.