सुट्या भागांची वाढती यादी
(इयत्ता सातवीसाठी एक पाठ)

सोनपेठ तालुक्यातील मुलांना हातपंप नित्य परिचयाचा आहे. उन्हाळ्यात तो बंद पडला म्हणजे घागरी घेऊन दूर जावे लागते. अशा वेळी कधी कधी काम अडते ते एका लहानशा वॉशरवाचून. आणि तो वॉशर भांडारात असूनही यादीत सापडत नाही, असेही घडू शकते. यादी नीट ठेवणे हे पाणी वेळेवर मिळण्याचेच एक साधन होय, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा उद्देश आहे.

पूर्वज्ञान. मराठवाड्यातील कठीण खडकात विंधनविहिरी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा ओतीव लोखंडाचे जुने पंप गावच्या अखंड वापराला टिकेनात. म्हणून जालना व सोलापूर येथे पोलादी पंप घडविण्यात आले. सोलापूरच्या पंपावरून पुढे १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला. कालांतराने ‘मार्क ३’ आला. त्याचा दट्ट्या नळ न उपसता बाहेर काढता येतो. दोहोंची साखळी व बेअरिंग सारखीच; उभा नळ मात्र निराळा. पंपांचे प्रकार वाढले, तशी भागांची यादीही वाढली.

विषयप्रवेश. शिक्षकांनी फळ्यावर पुढील काल्पनिक यादी लिहावी : ‘वायसर – ४, कप वॉशर – ०, पंपाचे वॉशर – ६.’ तिन्ही नोंदी एकाच वस्तूच्या आहेत, असे सांगून विचारावे : “कप वॉशर मागावयास आलेल्या मनुष्यास काय उत्तर मिळेल?” ‘शिल्लक नाही’ हे उत्तर मिळेल, डब्यात मात्र दहा नग असतील. दोष कोठे आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

विषयविवेचन. संगणकाच्या साध्या डेटाबेसमध्ये अशी यादी ठेवताना चार नियम पाळावे.

१. प्रत्येक भागास एक क्रमांक द्यावा व तो कधीही बदलू नये. नावे बोलण्यात बदलतात, क्रमांक बदलत नाही. एका नगाच्या जागी दुसरा निःशंकपणे बसत असेल तर क्रमांक एकच. नसेल तर नवा. चामड्याचा वॉशर आणि रबरी वॉशर यांची नोंद वेगळी ठेवावी.

२. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. भागाचे नाव व माप ‘भाग’ या कोष्टकात असावे. पंपाचे प्रकार ‘पंप’ या कोष्टकात असावेत. साखळी दोन्ही पंपांना लागते म्हणून ती दोनदा लिहू नये. कोणता भाग कोणत्या पंपास व किती लागतो, हे ‘जोडणी’ या तिसऱ्या कोष्टकात केवळ क्रमांकांनी दाखवावे. माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याचा हा विचार ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडला.

३. शिल्लक खोडून नवा आकडा लिहू नये. दिनांकासह आवक व जावक नोंदवावी. १२ आले, ५ गेले, म्हणजे ७ उरले, हे संगणक काढील. हिशेब चुकला तर कोठे चुकला तेही दिसेल.

४. जुना भाग यादीतून पुसू नये. त्यापुढे ‘वापर बंद’ असे लिहावे. अन्यथा मागील नोंदी निराधार होतील.

कृती. संगणक नसला तरी पाठ अडत नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या कापाव्या. एका गटाने भागांच्या, दुसऱ्याने पंपांच्या चिठ्ठ्या कराव्या; तिसऱ्याने त्या दोऱ्याने जोडाव्या. साखळीच्या एका चिठ्ठीपासून दोन दोरे निघालेले पाहिले म्हणजे तिसऱ्या कोष्टकाचे प्रयोजन मुलांना न सांगता उमगेल. नंतर हीच रचना संगणकावर उतरवावी.

स्वाध्याय. शाळेच्या क्रीडासाहित्याची यादी याच रीतीने तयार करावी. एका विद्यार्थ्याने नोंदी कराव्या. दुसऱ्याने प्रत्यक्ष वस्तू मोजून त्या पडताळाव्या.

पडताळणीवाचून कोणतीही यादी विश्वासार्ह होत नाही. महिन्यातून एकदा कपाट उघडून मोजणी करण्याची सवय मुलांना लागली, तर उद्या गावच्या भांडाराची नोंदही त्यांच्या हातून चोख राहील, आणि ऐन वैशाखात कोणाची घागर वॉशरवाचून रिकामी राहणार नाही.