कलम ६९ आणि डुप्लिकेट चावी

आपल्या हॉस्टेलच्या ऑफिसात एक लाकडी बोर्ड आहे. त्यावर प्रत्येक रूमची डुप्लिकेट चावी टांगलेली असते. आपली चावी हरवली की आपण धावत तिकडेच जातो, तेव्हा त्या बोर्डाबद्दल कोणाची काही तक्रार नसते. मॅगझिनसाठी सायबर कायद्यावर लिही असं सरांनी सांगितलं, आणि मला पहिल्यांदा तो बोर्डच आठवला.

(कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे माझं मराठी सांभाळून घ्या. एन्क्रिप्शनला 'कूटलेखन' म्हणतात असं कळलं. मेसमध्ये हा शब्द वापरून पाहिला, कोणालाच समजला नाही. तेव्हा मी एन्क्रिप्शनच लिहिणार.)

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आपण पाच मार्कांच्या टिपेपुरता वाचतो. त्यातलं ६६अ हे कलम त्यातल्या त्यात ओळखीचं. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला अटक झाली, आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीलाही! सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे कलम रद्द केले. पण त्याच कायद्यातलं कलम ६९ आजही शाबूत आहे आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

कलम ६९ नुसार केंद्र किंवा राज्य सरकार कोणत्याही कॉम्प्युटरमधली माहिती अडवू शकतं, तिच्यावर लक्ष ठेवू शकतं, आणि लॉक केलेली असेल तर ती उघडून मागू शकतं. मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. आजचं रूप त्याला २००८ च्या दुरुस्तीने आलं. २६/११ ला महिनाही झाला नव्हता, आणि दुरुस्ती डिसेंबरमध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. तेव्हाची भीती खरी होती हे मी नाकारत नाही.

आता थोडं मागे जाऊ. फोन टॅपिंग चालायचं १८८५ च्या तार कायद्यावर. (त्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे.) त्या इंग्रजांच्या कायद्यातसुद्धा अट होती, की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच टॅपिंग करता येईल. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर आणखी बंधनं घातली. कलम ६९ मध्ये मात्र ही आणीबाणीची अटच नाही. उलट 'कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी' असे शब्द आहेत. म्हणजे जुन्या फोनला जेवढं संरक्षण होतं, तेवढं आपल्या लॅपटॉपला नाही. वाचताना मला हे दोनदा तपासावं लागलं.

२००९ च्या नियमांत काळजी घेतलेली आहे, नाही असं नाही. आदेश लेखी हवा, कारणांसहित हवा, गृहसचिवांच्या पातळीवरून हवा. तो साठ दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. आदेश बरोबर होते का हे पाहायला एक समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. पण आदेश देणारे सरकारी सचिव आणि तपासणारेही सरकारी सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही. आणि ज्याची माहिती पाहिली त्याला ते नंतरही कळवलं जात नाही. मग तो कोर्टात जाणार तरी कशाच्या जोरावर?

'काही लपवायचं नाही तर घाबरायचं कशाला?' हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे. बारावीला मी दुसऱ्या गावी हॉस्टेलवर होते. कोणीतरी एका टीचरबद्दल घाणेरडे मेसेज पसरवले, म्हणून सगळ्यांचे फोन मागवले. मी लॉक काढून पहिल्यांदा दिला, मोठ्या तोऱ्यात. माझ्या फोनमध्ये काहीच सापडलं नाही. पण माझ्या रूममेटने तिच्या घरच्या भांडणांबद्दल मला रात्री-बेरात्री जे लिहिलं होतं ते सगळं त्यांनी वाचलं, आणि आठवड्याभरात ते मजल्यावर सगळ्यांना माहीत झालं. मेसेज पसरवणारी सापडलीच नाही. माझी मैत्रीण पुढे माझ्याशी नीट बोलली नाही. लपवायचं माझं काही नव्हतंच, तिचं होतं, आणि संमती मी दिली होती.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय गरजेच्या मापाचा हवा. सगळ्यांचे फोन मागवणं या मापात बसलं असतं का ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे इंजिनिअरिंगकडे. ग्रीसमधल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये एरिक्सनची यंत्रणा होती. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय होती, पण कंपनीने ती वापरात घेतलेली नव्हती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास कोणीतरी आत शिरून नेमकी तीच सोय गुपचूप चालू केली. शंभरावर फोन ऐकले जात होते आणि त्यात खुद्द पंतप्रधान कारामान्लिस यांचाही फोन होता! २००५ मध्ये प्रकार उघड झाला. पोलिसांसाठी ठेवलेलं दार चोरालाही उघडतं, कारण दार माणूस ओळखत नाही, फक्त चावी ओळखतं. व्हॉट्सॲपचा वाद याच जातीचा आहे. मेसेज मूळ कोणी पाठवला ते शोधता आलं पाहिजे असा नियम २०२१ मध्ये आला, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, आणि एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ असं तिच्या वकिलांनी २०२४ मध्ये कोर्टात सांगितलं.

दुसरी बाजूही लिहायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले, आणि पुढे कित्येक दिवस तिथे हाताने कागद भरून काम चाललं. अशा वेळी लॉग नसतील तर तपास करणार कशाचा? त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्ट-इनने निर्देश काढले होते की हल्ल्याची खबर सहा तासांत द्या आणि लॉग १८० दिवस ठेवा. मला हे पटतं. व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकांची नावं-पत्ते पाच वर्षं साठवावेत, हे मात्र पटत नाही. साठवलेली गोष्ट कधीतरी फुटतेच. काही व्हीपीएन कंपन्यांनी तर भारतातले आपले सर्व्हरच हलवले.

लेख संपवण्याआधी आपल्या नेटवर्क रूममधल्या सरांना भेटले. हॉस्टेलच्या वायफायचे लॉग किती दिवस ठेवता? 'एकशे ऐंशी,' सर लगेच म्हणाले. बाहेरच्या कोणाला देता का? 'लेखी पत्र आल्याशिवाय अजिबात नाही.' पत्रावर सही कोणाची लागते, असं विचारलं तेव्हा ते थांबले, आणि मग म्हणाले, 'बस, आपण दोघं मिळून नियम काढून बघू.'