मेंढा (लेखा): धानाचे एक लहान गाव

गडचिरोलीहून निघालेला रस्ता धानोऱ्यावरून पुढे छत्तीसगडात राजनांदगावकडे उतरतो. ह्या रस्त्यालगत, धानोऱ्याच्या अलीकडे थोड्या अंतरावर मेंढा नावाचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाशी जोडून त्याचा उल्लेख ‘मेंढा (लेखा)’ असा करण्याचा प्रघात पडला आहे. वस्ती पाचशेच्या आसपास, आणि जवळजवळ सर्वच कुटुंबे गोंड. घरातली भाषा गोंडी, शाळेची व कचेरीची मराठी, बाजारात थोडी छत्तीसगडीही कानावर पडते. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि आमचे रायपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. पुढे सीमा आखली गेली खरी, परंतु धान, मोहफुले आणि सोयरीक ह्यांना ती सीमा फारशी ठाऊक नाही.

शेती मुख्यतः धानाची. पावसाळा बरा असतो. पण जे पिकते ते बव्हंशी एका खरिपावर पिकते. शेताला इकडे ‘बांधी’ म्हणतात. चहूबाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला तो एक लहानसा चौकोन असतो. उतारावर अशा बांध्या एकीखाली एक रचलेल्या असतात आणि वरच्या बांधीतील पाणी खालच्या बांधीत सोडले जाते. त्यामुळे शेजाऱ्याशी भांडून धान पिकवणे कोणालाच परवडत नाही. ज्याच्याजवळ पाण्याची सोय आहे तो पऱ्हे टाकून रोवणी करतो. ज्याच्याजवळ नाही तो बी फेकून ‘आवत्या’ पेरतो आणि आभाळाकडे पाहत बसतो. धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कोणी लाखोळी किंवा जवस घेतो. एवढ्यावर वर्ष निघत नाही. उन्हाळ्यात मोहफुले, तेंदूपत्ता व चारोळी, आणि बारमाही बांबू व जळण हे जंगलातून आले तरच घर चालते. म्हणून मेंढ्याच्या शेतीचा विचार जंगल वगळून करता येत नाही. आणि गावाच्या इतिहासातील खरा प्रश्नही हाच होता की, हे जंगल कोणाचे?

जमीनदारीच्या काळात रयतेला गरजेपुरते लाकूडफाटे, गवत व बांबू नेण्याची मुभा असे; तिला ‘निस्तार’ म्हणत. जमीनदाऱ्या १९५१ मध्ये संपल्या, जंगल सरकारजमा झाले आणि निस्ताराच्या जागी वनरक्षक आला. घर शाकारण्यासाठी बांबू तोडणारा माणूस चोर ठरू लागला. तोच बांबू कागदाच्या गिरणीला मात्र कराराने मिळे. ह्या असंतोषाला वाचा फुटली ती १९८० नंतरच्या काळात. इंद्रावती व गोदावरी ह्या नद्यांवर भोपालपट्टनम आणि इचमपल्ली येथे मोठी धरणे बांधण्याची योजना होती. तिच्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. पानाबारसचे लाल श्यामशाह आणि बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. मेंढ्याची माणसे ह्या आंदोलनात सामील झाली, आणि परत येताना ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा घेऊन आली. घोषणा बहुतेक गावांत भिंतीवर राहतात. मेंढ्यात मात्र ती घोटुलापासून सुरू झाली.

घोटुल म्हणजे तरुण मुलामुलींचे सामाईक घर. त्याविषयी बाहेरच्यांनी पुष्कळ रसभरित लिहून ठेवले आहे, ते येथे बाजूला ठेवू. ही संस्था मेंढ्यात नाहीशी झाली होती. गावाने ती पुन्हा उभी करण्याचे ठरवले आणि जंगलातील सागवान आणून घर बांधले. वनखात्याची परवानगी घेतली नव्हती. खात्याने पोलीस आणून ते पाडले. तेव्हा आसपासच्या बारा गावांनी मिळून ठरवले की, एक पाडले तर बाराही गावांत घोटुल उभे राहतील. तसे ते उभे राहिले, आणि खाते पुन्हा फिरकले नाही.

ह्याच काळात गावाचा निर्णय घेण्याचा शिरस्ता पक्का झाला. मेंढ्यात मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो आणि पुन्हा पुन्हा बोलला जातो. ग्रामसभेपूर्वी ‘अभ्यास गट’ बसतो. त्यात मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यासारखी बाहेरची माणसेही माहिती देण्यास असत, मात्र निर्णय ग्रामसभेचाच. देवाजी तोफा ह्यांचे नाव गावाबरोबर नेहमी घेतले जाते. तेही स्वतःला पुढारी म्हणवून घेत नाहीत. ही रीत संथ आहे ह्यात शंका नाही, आणि घाईच्या माणसाला ती असह्य वाटेल. परंतु बहुमताने हरलेला माणूस रात्री जंगलात जाऊन झाड तोडू शकतो. सर्वांबरोबर ठरवलेले मोडणे त्याला जड जाते. दारूबंदीही गावात अशीच आली, स्त्रियांच्या आग्रहावरून.

जाव्यातील ‘देसा’ म्हणजे खेडे ह्याच पद्धतीने निर्णय करत आले आहे. तेथे विचारविनिमयाला ‘मुशावरा’ आणि एकमताला ‘मुफाकत’ म्हणतात. देसा हा आपला ‘देश’च, मुशावरा अरबीतून आलेला, रायपूरच्या बाजारात ऐकू येणाऱ्या ‘मशविरा’चा सख्खा भाऊ. भातशेतीचे पाणी ज्यांना वाटून घ्यावे लागते त्यांना हे शब्द लागतातच, असे म्हणण्याचा मोह होतो.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. (इंडोनेशियात घटना न्यायालयाने रूढीने चालत आलेली जंगले ही सरकारी जंगले नव्हेत, असा निर्णय २०१३ मध्ये दिला.) पण कागद हाती आला तरी बांबू हलेना. हे थोडे समजून घेतले पाहिजे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र २०१७ पर्यंत ते झाड होते. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले, तथापि जंगलाबाहेर माल नेण्यास वाहतूक परवाना लागे आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याने सोडला नव्हता. म्हणजे बांबू गावाचा, रस्ता खात्याचा. गावाने बांबू विकण्याचा आपला हेतू जाहीर केला आणि वाद दिल्लीपर्यंत गेला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. आता परवान्यावर सही गावाची असते. बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा होतो, तोडणीची मजुरी कुटुंबांना मिळते, आणि मजुरीचा दहावा हिस्सा गावकोशासाठी ठेवण्याची रीत गावाने घालून घेतली आहे.

जंगल गावाचे झाले, तेव्हा बांध्या तरी वेगवेगळ्या का ठेवाव्या, हा प्रश्न उरला. विनोबांच्या ग्रामदान चळवळीतून महाराष्ट्रात १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदा झाला होता, तो पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेला. मेंढ्याने तो उकरून काढला आणि २०१३ मध्ये सर्वांच्या संमतीने आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. कसणारा पूर्वीप्रमाणेच कसतो आणि पीक त्याचेच असते, त्याच्या मुलाबाळांनाही कसण्याचा हक्क राहतो. फक्त ती जमीन बाहेरच्या माणसाला विकता येत नाही. धानोऱ्याचा रस्ता आता चांगला झाला आहे, आणि रस्त्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागले की गाव कसे हातचे जाते, हे परिसरातील लोकांनी पाहिलेले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बांध्यांचे धुरे सारखे करताना मेंढ्यातील शेतकरी आजही शेजाऱ्याची वाट पाहतो, कारण धुरा दोघांचा असतो.