भूगोलाच्या शिक्षणाचा खरा खर्च



बारावीनंतर भूगोल आणि भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीने शुल्काचा आकडा पाहण्याआधी हे ध्यानात घ्यावे, की या विषयातील एकेकाळची महागडी साधने आता जवळजवळ विनामूल्य झाली आहेत. पैसे मोजावेत अशा गोष्टी दोनच उरल्या आहेत, जाणता शिक्षक आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेट.

जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे रंगवण्याचे तंत्र नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. अशा डोंगराळ भागात उतार, पाऊस, माती, जमिनीचा वापर आणि घरांच्या जागा यांचे स्वतंत्र थर एकाच नकाशावर एकमेकांवर ठेवून कोणती वस्ती धोक्यात आहे हे शोधणे, हे या प्रणालीचे काम होय. उतार आणि माती यांचे नाते ज्याला उमगलेले नाही, त्याला सॉफ्टवेअर सुबक चित्र देईल, पण निष्कर्ष देणार नाही. म्हणून आधी भूगोलाची पदवी आणि मग जीआयएसची पदविका किंवा पदव्युत्तर शिक्षण, हाच क्रम योग्य ठरतो.

महाराष्ट्रात पदवीसाठी अनुदानित महाविद्यालय स्वस्त पडते, कारण तेथील मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन शासन देते आणि तो भार शुल्कावर येत नाही. मात्र एकाच महाविद्यालयात काही अभ्यासक्रम अनुदानित, तर काही स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच चालणारे, असतात आणि जीआयएससारखे नवे अभ्यासक्रम पुष्कळदा दुसऱ्या गटात मोडतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या नावावर विसंबून न राहता नेमक्या अभ्यासक्रमाबद्दल कार्यालयात लेखी विचारणा करावी. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला तो अभ्यासक्रम पात्र आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी पुणे, मुंबई आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांचे भूगोल विभाग आहेतच. परगावी राहणे, जेवण आणि प्रवास यांचा खर्च शुल्काहून सहज अधिक होतो, म्हणून घरापासून जवळचे साधे महाविद्यालय दूरच्या नामांकितापेक्षा अनेकदा शहाणपणाचे असते.

साधनांपुरते बोलायचे, तर क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची, दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात, आणि अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे २००८ पासून मोफत आहेत. इस्रोच्या अखत्यारीतील देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (सुदूर संवेदन म्हणजे वस्तूला स्पर्श न करता दुरून तिची माहिती मिळवणे) विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. ज्या खासगी प्रमाणपत्राच्या जाहिरातीत केवळ सॉफ्टवेअर शिकवण्याचे आश्वासन आहे, त्यासाठी विद्यार्थिनीच्या वडिलांनी कर्ज काढू नये, हे येथे निक्षून सांगणे आवश्यक आहे.

प्रवेशापूर्वी विभागात स्वतः जाऊन प्रयोगशाळेतील संगणक प्रत्यक्ष चालू आहेत का, सांख्यिकी कोण शिकवते आणि गेल्या वर्षी विद्यार्थी सर्वेक्षणासाठी कोणत्या गावी गेले होते, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. ज्या विभागातील विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाच्या गावाचे नाव आठवत नाही, त्या विभागात नाव नोंदवू नये.