डांबरी रस्त्याचे थर आणि शेताचे पाणी

ऊस, भाजीपाला, दूध वेळेवर पोहोचण्यासाठी बारमाही रस्ता हवा. परंतु काळ्या जमिनीतील डांबरी रस्ता पुष्कळदा थोड्याच पावसाळ्यांत खचतो आणि दोष डांबराला दिला जातो. वास्तविक गावरस्त्यावरील डांबरी थर बहुधा फक्त २ सें.मी. जाडीचा असतो. गाडीचा भार पेलतात ते त्याखालचे थर, आणि ते कोरडे राहिले तरच रस्ता टिकतो. हे थर खालून वर पुढीलप्रमाणे असतात.

१) मातीचा पाया : रस्त्याखालील सुमारे ३० सें.मी. माती थराथराने रोलरने दाबतात. पिकासाठी आपण मातीत पोकळी राखतो. येथे ती घालवायची असते. दबाईच्या वेळी माती वाफशासारख्या ओलीवर असावी. कोरडी माती नीट दबत नाही आणि चिखल रोलरखालून सरकतो. भारी काळी माती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर भेगाळते. म्हणून तेथे चांगला मुरूम भरतात किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करतात.

२) मुरमाचा थर : हा थर भार पसरवतो व पाण्याचा निचरा करतो. तो कडेच्या चरापर्यंत नेल्यास आत शिरलेले पाणी बाहेर पडते. ओल्या मुरमाची तळहातावर लांब वळी होत असेल, तर त्यात चिकणमाती जास्त आहे असे समजावे.

३) खडीचे थर : साधारणपणे दोन, दबाईनंतर प्रत्येकी ७.५ सें.मी. खालची खडी ४५ ते ६३ मि.मी. आकाराची, वरची त्याहून लहान. रोलर कडेकडून मध्याकडे फिरवतात. नंतर बारीक खडी व दगडाची चुरी टाकून, पाणी मारून पोकळ्या भरतात. खडी एकमेकींत घट्ट बसणे हीच या थराची ताकद.

४) डांबराचे थर : स्वच्छ, कोरड्या खडीवर आधी पातळ डांबर फवारून मुरू देतात. मग चिकटण्यासाठी दुसरा फवारा, त्यावर डांबर लावलेल्या बारीक खडीचे कारपेट आणि शेवटी सीलकोट. हे कारपेट सच्छिद्र असते. सीलकोट टाळल्यास पाणी थेट खडीत उतरते.

थोडक्यात, डांबर हे रस्त्याचे छप्पर आहे. छप्पर चांगले असूनही पाया कडेने भिजला, तर वरून खड्डे पडणारच.

रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

• नांगरट करताना कडेचा चर बुजवू नये. मोकळ्या चरामुळे कडेच्या पिकात साचणाऱ्या पाण्यालाही वाट मिळते.
• पाटाचे वा ठिबकच्या फुटलेल्या नळीचे पाणी रस्त्यावर वाहू देऊ नये.
• पाइपलाइनसाठी रस्ता परस्पर खोदू नये. रस्ता ज्या खात्याचा असेल त्याची परवानगी घ्यावी. चारी भरताना सुमारे १५ सें.मी.चे थर देऊन प्रत्येक थर धुमसाने ठोकावा आणि वरचे थर पूर्ववत करून घ्यावेत.
• साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असल्यास पाणी डांबरावर तुंबते. ती छाटून बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.
• चिखलणीची लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर डांबरावर चालवू नये.
• ट्रॉलीत जादा ऊस भरू नये. आसावरील भार दुप्पट झाल्यास रस्त्याचे नुकसान सुमारे सोळा पट होते.

मृगापूर्वी गावकऱ्यांनी मिळून चर व मोऱ्या साफ कराव्यात. या कामाला डांबर लागत नाही, फावडे व घमेले पुरते. आणि रस्त्याचे आयुष्य वाढते ते यामुळेच.